पाण्याला न सांगितलेलं नाव

हीथरने काखेत घासून दिलेला गोटा विनीने डोहात टाकला आणि पाण्याकडे बघत ती आपल्या भाषेत म्हणाली, "हिचं नाव हीथर. लांबून आलीय, माझ्याबरोबर आहे. बघायला आलीय, काही न्यायला नाही." गोटा बुडाला. वर्तुळं काठाला लागेपर्यंत ती थांबली आणि मग तिने हातानेच पुढच्याला जवळ बोलावलं.

विनीने डोह दाखवायला आणलेले पाहुणे नऊ होते, सगळे दूर दक्षिणेतल्या बॅलराट शहराचे, बहुतेक निवृत्त. प्रत्येकाने एकेक गोटा उचलायचा, काखेत घासायचा आणि विनीच्या हातात द्यायचा. रसेल नावाचा एक माजी पोलीस होता. तो म्हणाला, या वासाला माझी बायको कंटाळून गेली, तुमचं पाणी किती दिवस टिकेल बघू. सगळे हसले. विनीही हसली. दर खेपेला कुणीतरी हा विनोद करतंच, आणि दर खेपेला हसावं लागतं.

आमच्याकडे डोहात उतरण्याआधी माणूस पाण्याला सांगावाच लागतो. घामाचा वास आणि आईने ठेवलेलं नाव, एवढं पाण्याला पुरतं. न सांगता गेलेल्याला ते चकवतं, वाट विसरायला लावतं, मनात आलं तर ठेवूनही घेतं. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किंबर्लीत, आम्हा मूळ रहिवाशांतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती अशी दोन-तीन माणसं सहज मोजून दाखवेल.

शेवटी राहिला तो हीथरचा नवरा. उंच, किडकिडीत, टोपी काढून हातात धरलेली. त्याने गोटा पुढे केला. विनीचं तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याचं नाव तिच्या भावाचं होतं. भाऊ मागच्या पावसाळ्यात गेला; आमचा पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. रस्ते पाण्याखाली, त्यामुळे त्याला मातीत ठेवायला मे महिना उजाडला. त्याच दिवशी ओलिव्ह मावशीने, म्हणजे घरातल्या सर्वांत थोरल्या बाईने, त्याचं नाव बंद केलं. ती सांगेपर्यंत ते कुणी उच्चारायचं नाही. वस्तीतल्या दुकानदाराचंही तेच नाव. तेव्हापासून त्याला सगळे 'बिननाव्या' म्हणतात आणि तोही निमूट ओ देतो. नाव घेतलं की गेलेला माणूस थबकतो, आपल्याला बोलावतायत असं त्याला वाटतं, आणि मग त्याची पुढची वाट लांबते. मीही ते नाव इथे लिहिणार नाही.

त्यातून हा डोह. बावीस वर्षं भाऊच इथे पाहुण्यांना घेऊन यायचा. पाण्याला सांगायचं काम त्याचं होतं.

यादी विनीच्या हातात सकाळीच पडली होती. नाव तिने तेव्हाच वाचलं होतं. पण पाहुणे गाडीत बसलेले, बदली माणूस मिळायचा नाही, आणि मनात आलं, बघू, निभावून नेऊ. आता निभावायची वेळ आली होती. आडनाव सांगून भागत नाही, ते कागदावरचं. पाण्याला त्याचं काय?

"आणि हा तिच्याबरोबरचा म्हातारा," ती म्हणाली आणि गोटा टाकून दिला.

भाषा कुणाला कळत नव्हती. पण आपापलं नाव कानाला कळतंच. हीथरने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा विनीकडे.

दुपार चांगली गेली. पाणी गार होतं. समोरच्या कपारीवर दोन बारक्या मगरी ऊन खात पडल्या होत्या. त्या कुणाला काही करत नाहीत हे सांगूनही रसेल आत उतरला नाही, काठावर पाण्यात पाय सोडून बसून राहिला. खारवलेलं मांस आणि पाव खाऊन झाल्यावर विनीने काटक्या पेटवून काळा चहा टाकला आणि कप मोजून मांडले. एक कप उरला.

हीथरचा नवरा कुठेच नव्हता.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. म्हातारा माणूस, गेला असेल आडोशाला. अर्ध्या तासाने हीथर उठली आणि डोहामागच्या घळीच्या वरच्या अंगाला तोंड करून तिने हाक मारली. नावाने. विनीने हातातला चहा खाली ठेवला.

घळीने ती हाक घेतली आणि भिंतीभिंतीवरून वर नेली. खूप वेळ ती वर जातच राहिली. मग रसेलने तोंडापुढे हात धरून त्याच नावाची आरोळी ठोकली, मग बाकीच्यांनी. आठ माणसं ते नाव ओरडत होती. पाच महिन्यांत जे कुणी कुजबुजलंही नव्हतं ते.

"ओरडू नका," विनी म्हणाली. कुणी ऐकलं नाही. "नाव घेऊ नका. दुसरं काही ओरडा. शिट्टी मारा."

रसेल तिच्याकडे वळला. हरवलेल्याला नावाने हाक मारायची नाही तर काय करायचं, हे त्याला चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं, असं तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. विनी म्हणाली, तुम्ही सगळे इथेच बसा, मी बघून येते. आणि ती एकटीच घळीत वर चढली.

सव्वाशे पावलांवर कातळ संपून वाळूचा पट्टा लागतो. तिथे त्याचे बूट होते. शेजारी शेजारी, नाडे आत खोचलेले, टोकं वरच्या दिशेला. तिथून त्याची अनवाणी पावलं वाळूत उमटत गेली होती, शहरी पावलं, टाचेवर भार देणारी. आणि त्यांच्या डाव्या बाजूला आणखी एका माणसाची पावलं होती.

आमच्याकडे पाऊल बघून माणूस ओळखतात, तुम्ही जसा चेहरा बघून ओळखता तसा. त्यात नवल काही नाही. लहानपणापासून तेच बघत मोठं व्हायचं. डावा पाय बाहेर फाकणारा, करंगळी मातीला न टेकणारी. लहानपणी याच पावलांवर पावलं टाकत विनी शाळेला जायची, आणि तिच्या पावलाला ती मोठी पडायची म्हणून भाऊ मुद्दाम आखूड टांगा टाकायचा.

ती उकिडवी बसली. ठसे ताजे होते, कडा ओल्या. दोघं रमतगमत गेले होते. एके ठिकाणी थांबलेही होते, समोरासमोर, बोलत उभे राहतात तसे. पुढे कातळ लागला होता आणि पावलं संपली होती.

अशा वेळी काय म्हणायचं ते तिला पाठ होतं. परत जा, आमच्या मागे येऊ नकोस, तुझी वाट तिकडे. ओलिव्ह मावशीने हे शब्द तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले होते. तिने ते म्हटले नाहीत. घळ गप्प होती. एरवी या वेळेला काकाकुव्यांचा नुसता कलकलाट असतो. आज पाखरू नव्हतं.

तिने तळहाताने वाळू सारखी केली. आधी डाव्या बाजूची, मग विचार करून दोन्ही बाजूंची. बूट उचलले आणि ती खाली आली.

हीथरने बूट तिच्या हातातून ओढून घेतले. रसेलने उपग्रहाचा फोन लावला. जवळचं पोलीस ठाणं दोनशे साठ किलोमीटरवर. ते म्हणाले, हेलिकॉप्टर उद्या सकाळीच निघेल, तोवर तिथून हलू नका. पाच वाजत आले होते. त्याच्या अंगावर एक सदरा, बरोबर पाण्याचा थेंब नाही, आणि वर मैलोन् मैल काटेरी गवत आणि तापलेला दगड. सत्तरीचा माणूस रात्र कशी काढणार?

सगळे पुन्हा हाका मारायला निघाले तेव्हा हीथर मात्र विनीजवळ येऊन बसली.

"तुम्ही त्याचं नाव पाण्याला सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "मी ऐकत होते. माझं घेतलंत, रसेलचं घेतलंत, सगळ्यांचं घेतलंत. त्याचं नाही."

विनीने नाकारलं नाही. तिने सगळं सांगितलं. भावाचं, मावशीचं, नाव बंद असण्याचं. वाळूतल्या पावलांचं तेवढं सांगितलं नाही. हीथर तोंडावर हात धरून ऐकत होती. तिला हे वेड्यासारखं वाटत असणार, आणि तरीही ती एक शब्द सोडत नव्हती.

"म्हणजे माझा माणूस कोण आहे, हे त्याला माहीतच नाही," ती म्हणाली. त्याला म्हणजे पाण्याला.

"नाही."

"मग सांगा आता."

"आता घेतलं तर माझा भाऊ मागे वळेल, बाई. त्याची वाट अजून संपलेली नाही."

"तुमचा भाऊ गेलाय," हीथर म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझा नवरा अजून गेला नसेल."

विनीला या बाईचा रागही आला आणि तिची दयाही आली, आणि सगळ्यांत जास्त आपलीच लाज वाटली. सकाळी यादी वाचूनही गाडी चालू करणारी ती स्वतः होती. भाऊ असता तर म्हणाला असता, विने, तुझं हे नेहमीचंच, आधी शेण खायचं आणि मग पाणी शोधायचं.

ती उठली. त्याच्या बुटातून मोजा काढला, त्यात एक गोटा घालून चोळला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. बाकीचे दमून गप्प झाले होते. उन्हाची तिरीप समोरच्या भिंतीच्या वरच्या काठाला गेली होती.

तिने गोटा टाकला आणि नाव घेतलं. पूर्ण, आईने ठेवलेलं, जसं ती शाळेच्या वाटेवर मागे पडली की ओरडायची तसं. "हा माझ्याबरोबर आहे," ती म्हणाली. "याला मी आणलंय. याला माझ्याकडे दे."

तोंडातून नाव गेलं तसं तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. इतके दिवस ते तिथे होतं हे तिला आत्ता कळलं. घळीने ती हाक परत दिली नाही. भिंतींना लागलीच नाही जणू, सरळ आत कुणीतरी घेतली.

दहा मिनिटं गेली असतील. वाळूच्या पट्ट्याकडून हीथरचा नवरा उतरत आला. अनवाणी, कोरडा, तोंडावर जरासं ओशाळं हसू. हीथरने आधी त्याला मिठी मारली, मग पाठीत गुद्दा घातला, मग पुन्हा मिठी मारली. रसेल पाणी घेऊन धावला. तहान लागली नाहीये, असं तो म्हणाला.

"कुठे होतास?" हीथर रडत विचारत होती. "तासन् तास हाका मारतोय आम्ही."

"येत होत्या की ऐकू. वर एक जण भेटला, इथलाच. बूट काढ म्हणाला, दगड पायाला कळू दे. मग कपारीत बसवून कातळावरची चित्रं दाखवली त्याने. बोलका माणूस. मगरीवरून काय काय विनोद सांगत होता."

विनी पाण्यातच उभी होती.

"नाव विचारलं त्याने," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "मी सांगितलं, तर म्हणाला, हे तर माझं. आम्ही दोघंही हसलो. मग खालून तुमच्या हाका सुरू झाल्या. मी उठायला लागलो तर म्हणाला, थांब, त्या तुला आहेत की मला, ते कळू दे. मी म्हटलं, अरे, माझी बायको आहे ती. तर म्हणाला, असेल. पण मला इतक्या दिवसांत कुणी हाक मारली नाही, जरा ऐकू दे."

माणूस सापडला म्हणून ठाण्याला कळवायला रसेलने फोन काढला.

"आणि मग तुमची आली," तो विनीला म्हणाला. "तसा तो ताडकन उठला. म्हणाला, ही माझी. मला म्हणाला, चल माझ्या मागून. म्हणून तर वाट सापडली, नाहीतर मी कसला येतोय." त्याने काठावरची सगळी माणसं एकदा नजरेने चाचपली. "कुठे गेला? माझ्या पुढेच होता की तो."

विनीला भीती वाटायला हवी होती. तिला बरं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली. पाठीमागे, अगदी हाताच्या अंतरावर, पाणी हललं. ती वळली नाही. परत जा, मागे येऊ नकोस, तुझी वाट तिकडे. तीनदा घोकलेले शब्द जिभेवर येऊन बसले होते. ओलिव्ह मावशीचा चेहराही डोळ्यांपुढे आला.

"चल," ती आपल्या भाषेत म्हणाली.

शब्द कुणाला कळला नाही, पण सगळ्यांना वाटलं, आपल्यालाच निघा म्हणाली. पिशव्या उचलून ते गाडीकडे निघाले.