खाटेखालची बाटली

सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, नवेगाव बांधजवळच्या शंकरपटात बैलजोड्यांची शर्यत संपल्यावर बैल आवरताना बिसराम सलामेच्या उजव्या कुशीत शिंग घुसलं. त्याने हाकलेली जोडी पहिली आली होती.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉ. हर्षा यांनी आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, मग बरगड्यांमधून नळी घातली. फुप्फुसाभोवती साचलेलं रक्त आणि हवा खाटेखालच्या बाटलीत उतरू लागली. बिसरामचा श्वास मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी हर्षा यांनी अँटिबायोटिक थांबवलं. बैलांचे मालक चुन्नीलाल पटले खाटेपाशीच होते.

"काऊन बंद केलं मॅडम? बैलाचा पाय खरचटला तं ढोरांच्या डाक्टरनं त्याले पाच दिवस सुया लावल्या. माणसाले एकच दिवस?"

"बैलाची किंमत जास्त हाय, मॅडम," बिसराम म्हणाला आणि हसताना त्याने कूस दाबून धरली.

"शिंगासोबत घाण आत गेली, तिच्यासाठी एवढं पुरे," हर्षा म्हणाल्या. "जास्त दिवस दिल्याने छातीत पू होणं टळतंच असं नाही. औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. आता नळी नीट वाहिली पाहिजे."

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा बाटली सलाइनच्या स्टँडवर टांगलेली होती. तिच्यातलं लाल पाणी नळीतून उलटं छातीत जात होतं. हर्षा यांनी नळीला चिमटा लावला, बाटली खाली ठेवली, चिमटा काढला.

"कोणी टांगली?"

"मीनं," बिसरामची बायको दुर्पता म्हणाली. "लोकायचे पाय लागून राहिले होते. बाटल तं वरच टांगतेत ना जी?"

"सलाइनची वर. ही छातीतलं बाहेर काढते, ती खालीच हवी. तुम्हाला हे आम्ही सांगायला पाहिजे होतं."

"घाण पाणी परत आत गेलं, आता तं सुया चालू करा!" चुन्नीलाल म्हणाले.

"ताप चढला, पू दिसला, तर लगेच. नुसत्या भीतीने नाही."

"मॅडम म्हणते तसंच," बिसराम म्हणाला. "पुढल्या पटाले जोडी मलेच हाकाची हाय."

दुर्पता बाटलीपुढे जमिनीवर बसली. कोणी जवळ आलं की म्हणायची, "अजी, पाय तिकडं!"

आज सकाळी काढलेल्या छातीच्या एक्स-रेत फुप्फुस फुललेलं आहे. तळाशी एक पुसट सावली आहे; ती उरलेल्या रक्ताची की पुवाची, हे अजून कळत नाही. ताप नव्व्याण्णव पॉइंट आठ.