निम्म्या भाड्याची खोली

अश्विनीला भोरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, पण वेल्ह्याहून रोज एसटीनं येणं-जाणं जमेना. बाजारपेठेमागच्या आळीत तिला खोली मिळाली. स्वतंत्र मोरी, गच्ची, नळाला भरपूर पाणी आणि भाडं इतरांच्या निम्मंच. मालक सुयश पुण्यात राहायचा. "खाली बाबा एकटेच असतात. जाता-येता जरा बघत जा," एवढंच तो म्हणाला.

बाबा म्हणजे आनंदराव, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आधी त्यांचा सकाळचा चहा करणं तिच्याकडे आलं, मग गोळ्या, मग दोन्ही वेळचं जेवण. सुट्टीला ती गावी निघाली की त्यांच्या छातीत कळ यायची. तपासलं तर सगळं ठीक. जिन्याचं दार त्यांच्या खाटेशेजारीच होतं. चप्पल वाजली की हाक यायची. दिवाळीतही तिला जाता आलं नाही. आईनं फोनवर विचारलं, "तुला काय दावणीला बांधलंय का गं?"

तिनं दुसरी खोली शोधायला घेतली. सगळीकडे आज होकार, उद्या नकार. शेवटी एका घराच्या मालकीणबाई नलूमावशींनी खरं सांगितलं. "आम्ही चौकशीला आनंदरावांना फोन केला. म्हणाले, पोरगी रात्री-अपरात्री कुठंही असते, घरात घेऊ नका."

अश्विनी तशीच परत आली. "बाबा, तुमी असं सांगितलंत?"

आनंदराव चादरीची किनार चाचपत राहिले. "तू गेलीस की सुयश मला पुण्याला नेणार. अकराव्या मजल्यावर. तिथं मी कुणाशी बोलू?"

"मग मला इचारायचं व्हतं. माझं नाव कशाला खराब केलंत?"

"विचारलं असतं तर राहिली असतीस?"

"न्हाई," ती म्हणाली. तिच्याच्यानं खोटं बोलवेना.

भोरमध्ये आता खोली मिळणार नव्हती. आनंदरावांना कुणी ओळखत नव्हतं अशा हायवेवरच्या शिवरे गावात, पंक्चरच्या दुकानाच्या माडीवर, तिनं महाग खोली घेतली. पाणी टँकरचं, रात्रभर ट्रक. खोली सोडतेय हे सुयशला तिनं स्वतः फोन करून सांगितलं. तो बाबांना घेऊन गेला.

पुढच्या रविवारी ती वेल्ह्याच्या एसटीत बसली आणि मोबाईल वाजला. "बाबा जेवत नाहीत," सुयश म्हणाला. "तुम्ही एकदा बोलता का?"

ती बोलली. नसरापूरपासून मार्गासनीपर्यंत बोलत होती. पुढं डोंगर लागला अन् रेंज गेली, तसा तिनं मोबाईल पिशवीत टाकला. वेल्ह्याला उतरल्यावर तिनं मोबाईल पिशवीतून बाहेर काढला नाही.