कुणाचा आकडा पुढे

बाळकुमला मितेशच्या अठराव्या मजल्यावरच्या घरी लग्नाची तारीख काढायला दोन्ही घरं जमली होती, आणि एका आकड्यापुढे हात जोडून बसली होती. गाडी पाठवून डोंबिवलीहून आणलेल्या देवेश अंकगुरूंनी मितेश आणि रुचिताच्या जन्मतारखा एकापुढे एक लावून सोळा आकडी संख्या केली होती: १२०६१९९७१७०४१९९९.

"तिनाने भाग जातो," गुरूंनी डोळे मिटले. "संसारात तिसरा येणार."

चार वर्षं एकमेकांना ओळखणारी ती दोघं समोरच बसलेली. त्यांना कोण विचारतो?

"उपाय आहे. मुलीची तारीख पुढे घ्या. संख्या अभंग होते. कशानेच भाग जात नाही."

मितेशची आई आवडाबाई उसळली. "पोरीचा नंबर पुढं? आमचे घरान? माझ्या पोराचा मागं नाय जायाचा, सांगून ठेवते!"

मग अर्धा तास पुढे कोण आणि मागे कोण. एवढी डोकी, प्रत्येकाच्या खिशात महागडा फोन. पण भागून बघावं असं एकालाही वाटलं नाही.

रुचिताचे वडील मारुती म्हणजे दहावी शिकलेला माणूस, खोपट डेपोत तीस वर्षं कंडक्टर. परतीच्या रिकाम्या फेरीत तिकिटांचे नंबर कशाकशाने भागले जातात ते बघत बसायचे. या सोळा आकड्यांची बेरीज त्यांनी केव्हाच केलेली: पंच्याहत्तर. पोरीचं जमलेलं मोडू नये म्हणून तोंड दाबून बसलेले. पण गुरू तिसऱ्यांदा 'अभंग' म्हणाले आणि मारुतींना राहवेना.

"अहो महाराज, कसली अभंग? दहाला तिनाने भागा, एक उरतो. शंभराला एक, हजारालाही एकच. म्हणजे आकडा कुठल्याही खुर्चीत बसवा, तिनाच्या लेखी त्याची किंमत तेवढीच. सगळ्यांची बेरीज पंच्याहत्तर. पोरगी पुढे घ्या नाहीतर पोरगा, तीन जाणारच!"

त्यांनी पेढ्याच्या खोक्यावर मुलीची तारीख पुढे घेऊन संख्या मांडली, तिनाने भागली. भागाकार ५६८०६६६३७३५३९९९. बाकी शून्य.

गुरूंना अचानक आठवलं, कल्याणला आणखी एका घरी जायचंय.

"मितेशराव, तुम्ही इंजिनिअर," मारुती म्हणाले. "तुम्हीच सांगा, चुकलं का माझं?"

मितेशला बरोबर आहे हे दिसत होतं. त्याने खोक्याकडे पाहिलं, मग आईकडे. "काका, गणित ठीक आहे... पण मम्मीचं मन..."

आवडाबाईंचा चेहरा मात्र खुलला. "म्हंजे कसं बी लावलं तरी सारखंच? मंग आमचा पुढं ठेवला तरी चालंल ना?"

रुचिता उठली. पर्स खांद्याला लावली.

"ठेवा ना काकी, खुशाल पुढे ठेवा. मागे लावायला माझा नाही मिळणार. चला पप्पा."

मारुतींनी पेढे टेबलावर ओतले आणि खोकं तेवढं बरोबर घेतलं.