पुकारेवाल्याचा गळा

कोर्टाच्या दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे पुकारेवाल्याचं काम. आणि घरी बायकोलाही "आरोपी हाजिर हो" म्हणून चहाला बोलवायचं, हा त्याचा छंद. पण तीन महिने झाले, बसलेला गळा उठायचं नाव घेईना. सकाळी घशात काटे, दिवसभर खरखर. न्यायाधीश साहेबांनी बजावलं, दोन महिन्यांत आवाज आला नाही तर दाराला भोंगा बसवू, तुम्ही कागदांच्या खोलीत बसा.

"भोंग्याला चेष्टा जमते का?" त्यानं बायकोला विचारलं.

"तुम्हाला तरी कुठं जमते? चला डॉक्टरकडे."

डॉक्टरीणबाईंनी नाकातून बुटाच्या नाडीएवढी कॅमेऱ्याची नळी आत सोडली. "पडद्याकडे बघा. ई म्हणा."

ओल्या गुलाबी गुहेत नखाएवढ्या दोन पांढऱ्या पट्ट्या. श्वास घेतला की बाजूला व्हायच्या, ई म्हटलं की भिडून थरथरायच्या.

"या तुमच्या आवाजाच्या पट्ट्या. एका सेकंदात शंभरावर वेळा थरथरतात," बाई म्हणाल्या.

 नळी निघाल्यावर तो हळूच म्हणाला, "तीस वर्षं ह्या दोघी राबल्या, आणि मी कधी विचारपूसही केली नाही."

"गाठबिठ नाही," बाई म्हणाल्या. बायकोनं तोंडाला लावलेला पदर खाली घेतला. "पट्ट्यांच्या मागची बाजू लाल झालीय. पोटातलं ॲसिड वर चढतंय. जळजळ होत नसली तरी चढतं. घशासाठी काय खाता?"

त्यानं खिशातून मूठभर पेपरमिंट काढली. साहेबांसमोर खोकायचं नाही, म्हणून सगळे पुकारेवाले दिवसभर एक गोळी गालात ठेवतात.

"पेपरमिंटनं पोटाच्या तोंडाची झडप सैल पडते."

"म्हणजे पुकारा मीच करतोय, अन् ॲसिड हाजिर होतंय?"

बाई हसल्या, पण औषध लिहून दिलं. जेवण झोपेआधी तीन तास, पेपरमिंट बंद, खाकरणं बंद, त्याऐवजी पाण्याचा घोट, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा.

"संसार घसरणीला लागला," पायथ्याशी सरकत बायको म्हणाली.

दोन महिने सरले. त्या सकाळी साहेब दाराशीच उभे होते. त्यानं घोटभर पाणी प्यायलं, त्या दोघींची मनात परवानगी घेतली आणि नाव पुकारलं. पूर्वीइतकं खणखणीत नव्हे. पण लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला एक म्हातारी काठी सावरत उठली.

"आले हो बाबा," ती म्हणाली.

साहेब मान डोलावून आत गेले. तो तिथंच उभा राहिला, गळ्यावर दोन बोटं टेकवून.