कोपराची साक्ष

डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राला जवळजवळ चिकटून असलेल्या त्या दगडी कुंडाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. बोटीने आलेले, डोंगरवाटेने उतरलेले, लॉजवरचं दुपारचं जेवण अर्धवट टाकून धावत सुटलेले, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. कुंडातून वाफा निघत होत्या आणि काठावर पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून शीतळबाबा उभे होते.

"या डोंगराच्या पोटात काय आहे?" बाबा गरजले.

"आग!" गर्दी ओरडली.

"आणि ती आग विझते कुणाच्या शब्दानं?"

"बाबांच्या!"

पहिल्या पायरीवर ती उभी होती. कडेवर चार वर्षांची लेक, मुठीत लेकीचा दम्याचा पंप. आज पहिली डुबकी तिच्याच लेकीची होती आणि डुबकीआधी पंप कुंडात टाकायचा, ही बाबांची अट होती. "औषध आणि श्रद्धा, दोन तलवारी एका म्यानात राहत नाहीत," असं ते गोड हसून सांगायचे. औषधाचं दुकान खाडीपलीकडे. शेवटची बोट दिवेलागणीला सुटायची. त्यानंतर पोरीला धाप लागली, तर तिला म्यान दाखवायचं की तलवार?

पोर दम लागेपर्यंत गरगर फिरायची म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. समुद्राची हवा मानवेल म्हणून ते या बेटावर आले, तो दिवस नेमका पौर्णिमेचा. त्या दुपारी बाबांनी मंत्र पुटपुटला, वाफाळत्या कुंडात छातीपर्यंत उतरले आणि एका आजारी मुलाला बुडवून हसत वर काढलं. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भिंगरीला मांडीवर उभी धरून त्यांनी कितीतरी रात्री बसून काढल्या होत्या. त्यांना हसायचं धाडस सुनेला झालं नाही. बाबा एरवी फक्त अमावास्या-पौर्णिमेला उतरत. पण सुट्ट्यांची गर्दी बघून त्यांनी मध्येच 'खास दर्शन' जाहीर केलं आणि सासूबाईंनी नातीचं नाव सगळ्यांच्या आधी लावलं.

तिच्या मनात मात्र पौर्णिमेपासून एक खडा रुतून बसला होता. त्या दिवशी कुंडाचं पाणी तीर्थ म्हणून वाटलं, ते खारट होतं. मंत्रानं पाणी गार होईल एक वेळ, खारट कसं होईल?

मग भिंगरीनेच वाट दाखवली. कुंडाजवळच्या वाळूत ती रोज खड्डे खणायची. तळातून कुंडाच्याच गरम झऱ्याचं पाणी वर यायचं. एकदा पाय घालताच ती किंचाळली, "आई, पाणी चावतं!" त्याच खड्ड्यात थोड्या वेळाने लाटांचं पाणी झिरपलं, तेव्हा ती खुशाल फतकल मारून बसली. पाणी कधी चावतं आणि कधी नाही, हे आई बघत राहिली. न चावण्याची वेळ रोज पुढे सरकत होती, भरतीच्या मागोमाग. कुंडाच्या समुद्राकडच्या भिंतीला, शेवाळाआड हात जाईल एवढी भेग होती. तीही तिने पाहून ठेवली.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, एक डुबकीच तर आहे. आईचं मन कशाला मोडतेस?"

"आणि पंप?"

"दुसरा घेऊ की."

"आणि पाणी?"

"तू म्हणजे ना, सावलीलाही घाबरशील!"

आज सकाळी भिंगरीने डोंगरावर बोट दाखवलं. दिवसाढवळ्या तिथे फिकट अर्धा चंद्र होता. दुपारी कुंडाकडे येताना आईने समुद्राकडे पाहिलं. पाणी कुठल्या कुठे मागे गेलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या. पौर्णिमेला याच वेळी लाटा कुंडाच्या भिंतीवर आपटत होत्या.

आता बाबांनी मंत्र म्हणत पाण्याला पायाचा अंगठा लावला आणि विजेचा झटका बसावा तसा मागे घेतला. सगळ्यांचे डोळे भक्तीने मिटलेले. तिचे उघडे होते.

बाबांनी कुंडाकडे पाठ फिरवली. मग हात उंचावून म्हणाले, "आज मी उतरणार नाही! आज कुंडानं थेट लेकराला हाक मारलीय. ज्याच्या मनात शंका नाही, त्याला पाणी गार. आणि चटका बसलाच, तर समजा, आईच्या मनात किंतु आहे!"

शेकडो नजरा तिच्यावर वळल्या. म्हणजे पोर भाजली तर गुन्हेगार आईच. बाबांचा एक शिष्य हात पसरून पुढे आला. "द्या बाई पोरीला. आणि तो पंप टाका पाण्यात."

वाफेने की भीतीने, भिंगरीची छाती शिट्टी वाजवायला लागली. आईने पंप तिच्या तोंडाला लावला. "घे बाळा, खोल श्वास."

"बघा! शंकाखोर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अगं, सगळे बघतायत," नवरा कुजबुजला.

"बघू देत. तूही बघ." ती सासूबाईंकडे वळली. "आई, भिंगरीची पहिली अंघोळ आठवते? मी पाण्यात बोटं घालून म्हटलं, ठीक आहे. तुम्ही काय म्हणालात?"

सासूबाई गोंधळल्या. "म्हटलं, कामाचे हात निबर असतात, त्यांना कळत नाही. कोपराला विचारावं."

"मग आजही विचारा. तुमच्या कोपराला पटलं, तर मी स्वतः पोरीला घेऊन उतरते. नुसतं टेकवा हं, आई. जपून."

"पाण्याची परीक्षा? पाप लागेल!" शिष्य आडवा आला.

"अरे, नातीच्या अंघोळीचं पाणी बघण्यात कसलं पाप?" म्हणत सासूबाईंनी त्याला बाजूला सारलं, वाकल्या आणि कोपर पाण्याला टेकवलं.

"आई गं!" त्या मागे कोलमडल्या. कोपर लालबुंद झालं होतं.

"शंका!" बाबा पुटपुटले. "माउलीच्या मनात शंका..."

"माझ्या?" सासूबाई ताडकन उठल्या. "पौर्णिमेपासून तुमच्या पायांवर डोकं घासतेय मी! शंका असती तर एकुलती नात इथे आणली असती का? तुमच्या मनात नाही ना शंका? मग घाला पाय!"

"आज... आज माझं मौन आहे."

"मौन तोंडाला असतं बाबा, पायाला नाही!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि पहिल्यांदाच हशा पिकला.

नवरा पुढे झाला. त्याने भिंगरीला उचलून कुंडापासून लांब नेलं.

"त्या भिंतीला भेग आहे," सूनबाई म्हणाली. "भरती आली की समुद्राचं पाणी आत येतं, झऱ्याचं गरम पाणी सोसवेल एवढं होतं. अमावास्या-पौर्णिमेला इथे भरती दुपारीच असते, म्हणून यांचा मंत्र दुपारीच लागू पडतो. आज दुपारी ओहोटी आहे. खोटं वाटत असेल तर दिवस कलल्यावर या. मी उतरते, मंत्राशिवाय."

दिवस कलता कलता गर्दी परत आली. बाबा मात्र दुपारच्याच बोटीने 'साधनेसाठी' निघून गेले होते. भेगेतून लाटेचं पाणी आत येत होतं, त्याबरोबर एक चिमुकला खेकडाही आला. तिने आधी कोपर बुडवलं, मग पायऱ्या उतरली आणि छातीपर्यंतच्या पाण्यात उभी राहिली. कुणी जयजयकार केला नाही. एकेक जण वाकून पाणी चाखू लागला.

"खारट," एक आजोबा म्हणाले.

"हो. आणि असं पाणी शेकायला छान असतं. दमा बरा करत नाही," ती म्हणाली. "देव मानायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण पोराला पाण्यात घालताना कुणाच्या शब्दावर जाऊ नका. आणि चुकलं तर दोष आईचा, असं जो आधीच सांगून ठेवतो, त्याच्या हातात तर मूल मुळीच देऊ नका."

सासूबाईंच्या उजव्या कोपराला मलम फासलेलं होतं. त्या पायरीवर बसल्या, डावं कोपर पाण्याला टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "खेळू दे पोरीला घटकाभर. तो पंप आण इकडे. माझ्या पिशवीत राहील. आणि उद्या पहिल्या बोटीनं अजून एक आणायचा. एकावर भागत नाही."