शेऱ्यातला भांग

आत्याचा खांदा बरा झाला. आता हे वाक्य विसरा, कारण असं काही घडल्याची नोंद नाही.

गांजापासून केलेल्या औषधी थेंबांनी रोजच्या जगण्यातलं दुखणं किती कमी होतं, याचा अभ्यास इस्पितळात चालू होता. आत्याला एक बाटली मिळाली आणि एक वही. रोज दुखण्याचा शून्य ते दहातला आकडा लिहायचा. खाली शेऱ्यासाठी चौकट, तिच्यात एक ऊ बसली तरी दुसरीला उभं राहावं लागेल.

दोन वर्षं आत्याचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता, त्यामुळे वेणीफणी माझ्याकडे. मी पाडलेला भांग बघून ती म्हणायची, "एवढी वळणं घाटातसुद्धा नसतात रे."

तेविसाव्या दिवशी तिने फणी माझ्या हातातून काढून घेतली. कपाळापासून टाळूपर्यंत, पट्टीने आखल्यासारखी रेघ. मग वहीत लिहिलं: 'दुखणे २. आज स्वतःच्या हाताने भांग.' तिने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. क्रियापदांची उधळपट्टी तिला खपत नाही.

सोमवारी बोलावणं आलं. वही तपासणाऱ्या मॅडमनी चष्मा पुसला.

"आजी, आमचे थेंब चालू असताना वर घरची भांग घेतलीत?"

"घेतली नाही. पाडला."

"पाडला म्हणजे, सांडली?"

"अहो, भांग. डोक्यातला."

"डोक्यात गेली, तेच लिहितेय मी."

"मॅडम, केसांचा भांग," मी म्हणालो. "तिच्याकडे बघा तरी एकदा."

"रुग्णाकडे बघायचं या टप्प्यात नाहीये," वहीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "नियमभंग आहे. बाटली परत करा."

आत्याने बाटली धरली ती उजव्या हाताने, डोक्याच्याही वर, मॅडमचा हात पोचणार नाही इतक्या उंच. ही हालचाल कुणीही नोंदली नाही. शिपायाने स्टूल आणलं.

बाटली गेल्यावर नवव्या दिवशी फणी पुन्हा माझ्याकडे आली. मग आत्याने अर्ज सांगितला, मी लिहिला:

'सबब, तेविसाव्या दिवसाच्या शेऱ्यातील "भांग" हा शब्द पुल्लिंगी धरून, अर्जदाराचा खांदा पूर्वलक्षी प्रभावाने बरा झाला असे मानण्यात यावे व बाटली स्टुलासह परत मिळावी, ही विनंती.'