काठीच्या टोकाला बांधलेली गंगा

"सरका, सरका! महाराज पाण्यात काठी घालायलेत!"

सगळं कॉलेज वसतिगृहाच्या अंगणात लोटलं होतं. लातूर जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. टँकरचं पाणी गढूळ, त्यात गॅस्ट्रोची साथ. पाणी उकळा, ब्लिचिंग पावडर टाका, असं सांगून मी, रेक्टर, घसा कोरडा केला. पोरं म्हणाली, "सर, वास येतो." आणि हा उपटसुंभ महाराज आठवडाभर येतोय, तर त्याच्यापुढं रांगा! बी.एस्सी.ची पोरं, बरं का!

महाराजांनी पिंपात काठी गरागरा फिरवली. "बच्चा, गंगामैया आ गई! रोग भी भागेगा, पेपर भी पास होगा!" आरती संपेपर्यंत गाळ तळाला बसला. एकच जयजयकार!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विरूपाक्ष त्याच पाण्यानं बाटली भरत होता. त्याच्या खोलीतला रेवणसिद्ध दवाखान्यात सलाईनवर होता, त्याला पाजायला!

"अरे, डॉक्टरांनी उकळलेलंच सांगितलंय ना?"

"सर, बघा तरी, काचेसारखं हाय!"

तेवढ्यात आमच्याच कॉलेजातली उदगीरची दानम्मा पुढं झाली. पाया पडल्यासारखी वाकली आणि काठीच्या टोकाचं भगवं फडकं तिनं ओढलंच. पांढरा खडा खाली पडला.

"प्रसाद है, बेटी!"

"मग खावा की महाराज!"

महाराज काठी सावरत मागं सरले.

"तुरटी हाय ही," दानम्मा कडाडली. "आमची अव्वा, म्हंजे आई, रोज रांजणात फिरवते. तुमच्या घरी न्हाई व्हय? पण गाळ बसल्यावर ती पाणी उकळते!"

पोरांनी माना खाली घातल्या. महाराज अनवाणीच फाटकाकडं सुटले.

विरूपाक्षचा हेका मात्र सुटेना. "तुरटी तर तुरटी. पाणी नितळ झालं ना?"

मी त्याच्यासमोर पेल्यात चिमूटभर मीठ ढवळलं. "दिसतंय?"

"न्हाई."

"मग गेलं कुठं? त्यातच आहे ना? जंतूही असेच दिसत नाहीत, बाबा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू राहतात."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, रेवणला आधी महाराजांचं असलंच पाणी मीच पाजलं. उकळायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या लागल्या." तो हुंदके देऊ लागला.

मला राग आला आणि त्याची लई कीवही आली. पण साथ कुणाच्या रडण्यासाठी थांबत नाही.

"ओतून टाक ती बाटली. हात साबणानं धू, पाणी खळखळून उकळ, झाकून घेऊन जा. रेवण तहानलेला असेल."